क्रिप्टोची चावी कुणाच्या हातात? वझीरएक्स प्रकरणातून गावाकडच्या गुंतवणूकदारांनी काय शिकावं

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या देशातल्या मोठ्या क्रिप्टो एक्सचेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरचे, म्हणजे त्यावेळच्या हिशोबाने १,९०० कोटी रुपयांहून जास्त किमतीचे कॉइन चोरीला गेले. एक्सचेंजवर असलेल्या एकूण मालापैकी हा जवळजवळ निम्मा माल होता. त्याच दिवशी ग्राहकांचे व्यवहार अडकले. रुपयातली शिल्लक पुढे टप्प्याटप्प्याने काढता आली, पण कॉइन अडकले ते अडकलेच. प्लॅटफॉर्म पुन्हा सुरू व्हायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने संयुक्त निवेदन काढून ही चोरी उत्तर कोरियाच्या हॅकरांनी केल्याचं सांगितलं.

मधल्या काळात भाव कुठच्या कुठे गेला. चोरी झाली तेव्हा एक बिटकॉइन साधारण ६४ हजार डॉलरला होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने पहिल्यांदाच एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. ज्यांचे बिटकॉइन वझीरएक्सवर होते त्यांना हा भाव मोबाईलवर दिसत होता, पण विकता येत नव्हतं.

हे प्रकरण मुंबई-सिंगापूरचं वाटत असलं तरी त्यातला प्रश्न गावापर्यंत आलेला आहे. आज गावोगावच्या पोरांच्या मोबाईलमध्ये एखादं तरी क्रिप्टो ॲप असतं. कुणी पाचशे रुपये टाकलेत, कुणी ऊसबिलातले पन्नास हजार. चर्चा मात्र होते ती एकाच गोष्टीची, कोणता कॉइन वाढणार. घेतलेला कॉइन ठेवायचा कुठे, पाठवायचा कसा आणि रुपयात परत आणायचा कसा, हे फारसं कुणी विचारत नाही. पैसे बुडतात ते बहुतेक वेळा याच तीन ठिकाणी.

पट्टी हातात, माल दुसऱ्याच्या गोदामात

द्राक्ष, कांदा पिकवणाऱ्याला हे लगेच समजेल. शिवारात सौदा झाला, माल गाडीत भरून गेला, हातात राहिली पट्टी. पट्टीवर वजन आहे, भाव आहे, रक्कम आहे. पण माल व्यापाऱ्याकडे आहे. व्यापारी बुडाला किंवा त्याच्या गोदामाला आग लागली तर पट्टीची किंमत काय, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

एक्सचेंजच्या ॲपमध्ये दिसणारा आकडा ही अशीच पट्टी आहे. कॉइन असतात कंपनीच्या वॉलेटमध्ये, लाखो ग्राहकांचे एकत्र. त्यातले इतके तुमचे, एवढी नोंद कंपनी ठेवते.

वझीरएक्समध्ये चोरी झाली ती इथेरियम जातीचे टोकन ठेवलेल्या एका वॉलेटमधून. तरीही ज्यांनी बिटकॉइन किंवा दुसरेच कॉइन घेतले होते तेही अडकले, कारण कंपनीने नुकसान सगळ्या ग्राहकांवर वाटून टाकण्याची योजना मांडली. ही योजना मंजूर झाली सिंगापूरच्या न्यायालयात, कारण मूळ कंपनी तिथली. मुंबईच्या कंपनीशी व्यवहार करतोय असं समजणाऱ्या ग्राहकाला आपल्या पैशाचा निकाल परदेशात लागणार, हे तेव्हा कळलं.

याला आव्हानही मिळालं. एका ग्राहक महिलेने जानेवारी २०२४ मध्ये सुमारे दोन लाख रुपयांचे एक्सआरपी नावाचे कॉइन घेतले होते. चोरीला गेलेले टोकन वेगळे, माझे वेगळे, मग माझ्या कॉइनला हात का, असं तिचं म्हणणं. २५ ऑक्टोबर २०२५ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने तिच्या रकमेला संरक्षण देणारा अंतरिम आदेश दिला. क्रिप्टो हे चलन नसलं तरी ती मालमत्ता आहे, ती बाळगता येते आणि दुसऱ्याकडे विश्वासाने ठेवता येते, असं न्यायालयाने म्हटलं. ग्राहकांच्या बाजूने ही मोठी गोष्ट आहे. पण दोन लाखांसाठी उच्च न्यायालयापर्यंत जाणं किती जणांना परवडेल, हाही प्रश्न आहेच.

बँक आणि एक्सचेंज यांतला फरक इथे लक्षात घ्यावा लागेल. बँक बुडाली तर ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. क्रिप्टोला असं काहीही कवच नाही. मार्च २०२३ पासून एक्सचेंजना केंद्राच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करावी लागते. मात्र ही नोंदणी काळ्या पैशावर नजर ठेवण्यासाठी आहे. तुमचे पैसे सुरक्षित आहेत अशी ती हमी नाही. नोंदणी नसलेल्या ठिकाणी जाऊच नये, पण नोंदणी आहे म्हणून डोळे झाकूनही बसू नये.

चावी म्हणजे नेमकं काय

बिटकॉइन मोबाईलमध्ये नसतो, ॲपमध्येही नसतो. कोणाकडे किती आहे याचं एक मोठं वहीखातं जगभरातल्या हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिलेलं असतं. त्यालाच ब्लॉकचेन म्हणतात. त्या वहीत तुमचा पत्ता असतो, जसा बँकेतला खाते क्रमांक. पत्ता कुणालाही दिला तरी चालतो. त्या पत्त्यावरचे कॉइन हलवायला मात्र एक गुप्त चावी लागते. चावी ज्याच्याकडे, कॉइन त्याचा. वहीला तुमचं नाव माहीत नाही, आधार माहीत नाही, अंगठा चालत नाही.

सातबाऱ्याची प्रत हरवली तर तलाठ्याकडून दुसरी मिळते. पासबुक फाटलं तर बँक नवं देते. क्रिप्टोत तलाठी नाही आणि शाखाधिकारीही नाही. चावी हरवली की कॉइन वहीत कायमचा दिसत राहतो, कुणालाच काढता येत नाही. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये एका माणसाची हार्ड डिस्क २०१३ मध्ये चुकून कचऱ्यात गेली. तिच्यात हजारो बिटकॉइनची चावी होती. तो कचरा डेपो खोदू द्या म्हणून तो कित्येक वर्षं नगरपालिकेशी भांडला, कोर्टात गेला. डिस्क मिळाली नाही.

म्हणून ठेवण्याचे मार्ग दोनच. चावी एक्सचेंजकडे ठेवा, म्हणजे हरवण्याची भीती नाही, पण एक्सचेंज बुडण्याची किंवा लुटली जाण्याची भीती आहे. नाहीतर चावी स्वतःकडे ठेवा, म्हणजे एक्सचेंजची भीती नाही, पण सगळा भार आपल्या डोक्यावर. तिसरा मार्ग कुणी सांगत असेल, 'चावी मी सांभाळतो, तू फक्त पैसे दे' असं म्हणत असेल, तर तिथून उठून यावं.

बारा शब्द जपायचे कसे

स्वतःचं वॉलेट उघडलं की ॲप बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द दाखवतं. त्याला सीड फ्रेज किंवा रिकव्हरी फ्रेज म्हणतात. २,०४८ ठरावीक शब्दांच्या यादीतून हे शब्द निवडलेले असतात. मोबाईल विहिरीत पडला तरी नव्या मोबाईलवर हेच शब्द त्याच क्रमाने टाकले की सगळे कॉइन परत दिसतात. आणि हेच शब्द दुसऱ्याच्या हाती लागले तर तो आपल्या घरी बसून सगळं काढून नेतो. पासवर्ड लागत नाही, ओटीपी येत नाही.

गावाकडे या शब्दांना धोका कुठून, ते नीट पाहायला हवं.

पहिला धोका फोटोचा. शब्दांचा स्क्रीनशॉट काढला की तो गॅलरीत जातो, तिथून गुगल फोटोवर आपोआप चढतो. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवणं हीही तीच गत. मोबाईल दुरुस्तीला तालुक्याच्या दुकानात दिला, लॉक सांगितलं, म्हणजे गॅलरीही उघडी दिली. शब्द कागदावर, पेनाने, आकडा टाकून क्रमाने लिहावेत. इंग्रजी स्पेलिंगची अडचण असेल तर एक सोय आहे. यादीतल्या कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नसतात, त्यामुळे पहिली चार अक्षरं सुवाच्य असली तरी शब्द ओळखता येतो.

दुसरा धोका ओल, वाळवी आणि उंदीर. पावसाळ्यात घराच्या भिंतीला ओल येते आणि कपाटातला कागद पाच वर्षांत वाचण्यासारखा राहत नाही. त्यामुळे दोन प्रती कराव्यात आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. एक घरात, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये किंवा खात्रीच्या नातेवाइकाकडे बंद पाकिटात. रक्कम मोठी असेल तर स्टीलच्या पट्टीवर शब्द ठोकून घेणारेही आहेत. ते काम मात्र स्वतः करायचं, दुकानदाराकडून नाही.

तिसरा धोका मदत करणाऱ्याचा. वॉलेट अडकलं म्हणून नेटवर कस्टमर केअर शोधलं की खोटे नंबर निघतात. समोरचा गोड बोलतो, स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतो आणि बारा शब्द विचारतो. खरी कोणतीही कंपनी हे शब्द कधीही विचारत नाही. फुकट कॉइन मिळतील म्हणून 'वॉलेट जोडा' सांगणाऱ्या लिंकचंही तसंच. तिथे होकाराचं एक बटण दाबलं की कॉइन काढण्याची परवानगी समोरच्याला मिळते.

चौथी गोष्ट घरातली. बँक खात्याला वारस लावता येतो. स्वतःच्या वॉलेटला वारस नाही. माणूस अचानक गेला आणि शब्द कुठे आहेत ते कुणालाच माहीत नसलं, तर वारस दाखला दाखवून ब्लॉकचेन उघडत नाही. शब्द काय आहेत ते सांगू नका, पण पाकीट कुठे आहे हे घरात एकाला तरी माहीत असावं.

मोठी रक्कम टाकण्याआधी एक चाचणी करावी. शंभर-दोनशे रुपयांचे कॉइन वॉलेटमध्ये घ्यावेत, ॲप काढून टाकावं आणि कागदावरचे शब्द वापरून पुन्हा उघडावं. उघडलं तर कागद बरोबर आहे. नाही उघडलं तर शिकवणी शंभर रुपयांत झाली. यापुढची पायरी हार्डवेअर वॉलेटची. पेन ड्राइव्हसारखं हे यंत्र चावी इंटरनेटपासून लांब ठेवतं. ते कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावं. यंत्रासोबत आधीच लिहिलेले शब्द आले तर ते यंत्र वापरूच नये, कारण ते शब्द विकणाऱ्यालाही माहीत असतात.

पाठवताना: सुटलेला बाण

यूपीआयवर चुकून दुसऱ्याला पैसे गेले तर बँकेत तक्रार करता येते. क्रिप्टोत गेलेला कॉइन समोरच्याने स्वतःहून दिला तरच परत येतो.

इथे चुका ठरलेल्या आहेत. पहिली चूक नेटवर्कची. यूएसडीटी हा डॉलरशी भाव जोडलेला कॉइन अनेक नेटवर्कवर चालतो. ट्रॉनवरचा पत्ता इंग्रजी टी अक्षराने सुरू होतो, इथेरियमवरचा शून्य आणि एक्सने. पण बीएनबी चेन आणि पॉलिगॉनचे पत्तेही शून्य-एक्सनेच सुरू होतात. म्हणजे पत्ता बरोबर दिसत असूनही नेटवर्क चुकू शकतं. घेणाऱ्याला आधी विचारावं की त्याचं नेटवर्क कोणतं.

दुसरी चूक जुन्या यादीतून पत्ता कॉपी करण्याची. ठग तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखाच दिसणारा, सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं सारखी असलेला पत्ता तयार करतात आणि त्यावरून तुम्हाला अगदी किरकोळ रक्कम पाठवतात. पुढच्या वेळी तुम्ही यादीतून तोच पत्ता उचलता. काही व्हायरस तर कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना बदलून टाकतात. पत्ता मधल्या अक्षरांसकट जुळवावा. आधी थोडी रक्कम पाठवावी, समोरच्याला फोन करून पोचली का विचारावं, मग उरलेली पाठवावी. फी दोनदा लागते, ती लागू द्यावी.

तिसरी चूक न वाचता मंजुरी देण्याची. वझीरएक्सच्या वॉलेटला एका माणसाची सही पुरत नव्हती, अनेकांच्या सह्या लागत होत्या. तरीही चोरी झाली. कंपनीच्या म्हणण्यानुसार, सही करणाऱ्यांना स्क्रीनवर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही दुसऱ्याच व्यवहारावर झाली. अशी सोय असलेल्यांची फसगत होते, तर घाईत 'ओके' दाबणाऱ्याने किती जपावं याचा अंदाज यावा.

रुपयात आणताना खातं गोठतं

सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो. टेलिग्रामवर कुणीतरी बाजारापेक्षा चार रुपये जास्त देऊन यूएसडीटी घ्यायला तयार असतो. कॉइन पाठवला, खात्यात पैसे आले, व्यवहार संपला असं वाटतं. पंधरा दिवसांनी बँक सांगते, खात्यावर होल्ड आहे. कारण आलेले पैसे दुसऱ्या राज्यातल्या फसवलेल्या माणसाचे होते. त्याने तक्रार केली, पोलिसांनी पैशाचा माग काढला आणि तो माग तुमच्या खात्यापर्यंत आला.

शेतकऱ्याचं खातं एकच असतं. त्यातच पीएम किसानचा हप्ता येतो, पीक विम्याचे पैसे येतात, ऊसबिल आणि दुधाचं बिलही त्यातच. ते गोठलं तर खत घ्यायला पैसे राहत नाहीत आणि चार रुपयांच्या लोभापायी परराज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. म्हणून क्रिप्टोसाठी वेगळं खातं ठेवावं आणि अनोळखी माणसाशी थेट सौदा करू नये. विकायचं असेल तर नोंदणी असलेल्या एक्सचेंजवरच विकावं. 'तुझं खातं महिनाभर वापरायला दे, कमिशन देतो' म्हणणाऱ्याला खातं दिलं, तर आपण साक्षीदार न राहता आरोपी होतो.

महाराष्ट्राने एकदा अनुभव घेतलाय

पुण्यातून उघड झालेलं गेनबिटकॉइन प्रकरण अजून मिटलेलं नाही. बिटकॉइन आमच्याकडे द्या, अठरा महिने दरमहा दहा टक्के परतावा घ्या, अशी ती योजना होती. नवे लोक आणले की वेगळं कमिशन. पुढे बिटकॉइनऐवजी कंपनीने स्वतःचाच एक कॉइन हातात ठेवला, त्याला बाजारात किंमत नव्हती. मुख्य सूत्रधार अमित भारद्वाज याला २०१८ मध्ये अटक झाली आणि २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. तपास आता सीबीआयकडे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभरात साठहून जास्त ठिकाणी छापे पडले.

याच प्रकरणात मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच अटक केली. जप्त केलेल्या वॉलेटमधले कॉइन त्यांनी परस्पर वळवल्याचा आरोप आहे. आरोपाचा निकाल न्यायालय देईल. पण चावी हाताळायला मिळाली की किती मोठी सत्ता हातात येते, हे त्यातून दिसलं.

गावात आज येणाऱ्या योजनांची नावं वेगळी असतील. खूण तीच आहे. ठरलेला महिना-परतावा, साखळीतून माणसं आणणं, आणि कॉइन त्यांच्याच ॲपमध्ये ठेवायची अट.

कर: शेतकऱ्यालाही लागू

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून क्रिप्टोचंही चालेल, हा गैरसमज आहे. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे. इतर उत्पन्न शून्य असलं तरी मूळ सूट इथे मिळत नाही. दहा हजाराला घेतलेला कॉइन पंधरा हजाराला विकला, तर पाच हजाराच्या नफ्यावर १,५६० रुपये कर. दुसऱ्या कॉइनमध्ये पाच हजार बुडाले असतील तरी ते यातून वजा होत नाहीत. ठरावीक मर्यादेपुढच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो, तो विवरणपत्र भरलं तरच करात वळता होतो. खरेदी-विक्रीची नोंद बाजार समितीच्या पट्ट्या जपतो तशी जपावी.

मग करायचं काय

रिझर्व्ह बँक डिसेंबर २०१३ पासून या चलनांबद्दल सावध करत आली आहे. सरकारने बंदी घातलेली नाही आणि चलन म्हणून मान्यताही दिलेली नाही. कर मात्र घेतला जातो. या अर्धवट स्थितीत ग्राहकाला वाचवणारा स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे सुरक्षिततेची बहुतेक जबाबदारी ग्राहकावरच पडते.

थोडे पैसे, हजार-दोन हजार, शिकण्यापुरते असतील तर एफआययू नोंदणी असलेल्या एक्सचेंजवर ठेवणं सोयीचं. तिथे एसएमएस ओटीपीवर न थांबता ऑथेंटिकेटर ॲप लावावं, कारण सिम दुसऱ्याच्या नावे काढून ओटीपी पळवता येतो. जी रक्कम गेली तर घरात चूल पेटायची पंचाईत होईल, ती क्रिप्टोत असूच नये. या दोन्हींच्या मधली रक्कम, वर्षानुवर्षं ठेवायची असेल, तर स्वतःच्या वॉलेटमध्ये, कागदावरच्या शब्दांसह. आणि बारा शब्द जपणं आपल्याच्याने होणार नाही असं ज्याला प्रामाणिकपणे वाटतं, त्याने क्रिप्टो न घेणं यात कमीपणा नाही.

फसवणूक झालीच तर लाजून घरात बसू नये. १९३० या नंबरवर लगेच फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. कॉइन परत येणं अवघड असतं, पण ठगाला बँकेतून रुपये पाठवले असतील तर ते पुढे सरकण्याआधी अडवता येतात. तक्रार करताना व्यवहाराचा क्रमांक, पत्ता, नेटवर्क आणि चॅट हाताशी ठेवावं. आणि 'बुडालेले कॉइन परत काढून देतो, आधी फी भरा' असा फोन आला, तर तो दुसऱ्यांदा लुटायला आलेला आहे एवढं ओळखावं.